एक रेघ जास्त

पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, हे आमच्या उस्त्युर्त पठारावर सगळ्यांना ठाऊक आहे. चढावर एक सांगतो, उतारावर दुसरं, आणि मोटरसायकल स्टँडवर कलती उभी केली की तिसरंच. म्हणून इथली माणसं काट्याकडे नुसतं बघतात आणि मग टाकीवर बोटाने ठोकतात. जिथे आवाज भरीव होतो तिथवर पेट्रोल. माझा नवरा झानुझाक ठोकून पाव लिटरपर्यंत बरोबर सांगायचा, आणि सांगून झाल्यावर असा तोरा मिरवायचा की तेल जणू यानेच जमिनीतून उपसलंय. मला ते कधी जमलं नाही.

आमच्या गाडीची आणखी एक खोड होती. मागे कुणी बसलं की तिचं बूड दबायचं, टाकीतलं पेट्रोल मागे सरकायचं आणि काटा एक रेघ वर चढायचा.

"म्हातारे, तू बसलीस की पेट्रोल वाढतं," तो म्हणायचा. तिशीत होते तेव्हापासून तो मला म्हातारीच म्हणत आला. "आता पंप काढू आणि तुलाच बसवू तिथे."

"तू तोंड मिटलंस तर गाडी निम्म्या पेट्रोलात धावेल," मी म्हणायचे.

असा माणूस दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात चुकलेल्या उंटिणी शोधायला गेला आणि पेट्रोल संपून खाऱ्या मैदानात अडकला. गाडी सापडली. तो तिच्यापासून बारा किलोमीटरवर सापडला, विहीर आणखी सहा किलोमीटर पुढे होती. गाव म्हणालं, काट्याने फसवलं. मी दोन वर्षं चिडलेली होते त्याच्यावर. ठोकून पेट्रोल सांगणारा माणूस काट्याने फसतो कसा?

मी उलबोसिन, गावच्या दवाखान्यातली नर्स. पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. यंदा एप्रिलात, दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या मुलाचा, येरझिगितचा फोन आला. तो आणि त्याची बायको नुरझामाल मेंढ्यांच्या तळावर होती, सत्तर किलोमीटर लांब.

"आई, हिचं पाणी गेलं. तीन आठवडे अजून होते ना?"

"दिवस मोजत बसू नकोस, पाणी तापव. बाळ कसं आहे? डोकं खाली आहे का?"

"मला काय कळतंय? मी मेंढ्यांचं बघतो!"

"मग मेंढीला करतोस तसा तरी धीर दे तिला. मी निघाले."

जीपवाला शहरात गेला होता. आठवडाभर टँकर आला नव्हता, गावात पेट्रोलचा थेंब नव्हता. आमच्या गाडीत काटा दीड रेघेवर होता. वाऱ्याच्या तोंडावर रेघेला पस्तीस किलोमीटर धरा. तीस किलोमीटरवर फाटा लागतो. तिथून सरळ खारं मैदान ओलांडलं तर चाळीस किलोमीटरवर तळ. नाहीतर अठरा किलोमीटर बाजूला बेसकुदुक, तिथे साबिरबाय पिंपातून पेट्रोल विकतो, पण त्या वळशात दीड तास जातो. मी दवाखान्याची पिशवी छातीशी बांधली आणि निघाले.

पंचविसाव्या किलोमीटरला दगडांची रास आहे. झानुझाक सापडला ती जागा. मेलेल्याच्या जागेवरून कुणी तसंच पुढे जात नाही. घाई होती तरी मी इंजिन बंद केलं, दुआच्या दोन ओळी पुटपुटले, तोंडावरून हात फिरवले. काटा तेव्हा एका रेघेच्याही खाली आला होता. म्हणजे बेसकुदुकचा वळसा घ्यावाच लागणार होता.

पुन्हा गाडी सुरू केली आणि थोडं अंतर गेल्यावर जाणवलं की खड्ड्यांत मागचं चाक आदळत नाहीये. गाडी दबून, शहाण्यासारखी चालली होती. मी खाली पाहिलं. काटा दीड रेघेच्या वर होता.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एवढ्या पेट्रोलात सरळ मैदान ओलांडून तळावर पोचता येईल. मग माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

फाट्यावर थांबले. दोन्ही पाय टेकवून गाडी सरळ धरली. तिथली जमीन परातीसारखी सपाट आहे. टाकीचं झाकण उघडलं, उन्हाला हात आडवा धरून आत पाहिलं. पेट्रोल मागच्या बाजूला गोळा झालं होतं. पुढचा पत्रा कोरडा चमकत होता. वारा पडला होता, मी हलत नव्हते, आणि ते तिरकं पेट्रोल तसंच तिरकं राहिलं होतं. असं कललेलं पेट्रोल खरं किती, मला काही सांगता येईना.

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

आमच्याकडे पायी माणूस दिसला की त्याला गाडीवर घ्यायचं, नाव-गाव नंतर विचारायचं. स्टेपच्या माळावर पायी सोडलेला माणूस म्हणजे मारलेला माणूस. झानुझाकने कधी कुणाला सोडलं नाही, अनोळख्यासाठी तो आपली वाटही बदलायचा. तेव्हा मला कळलं, ऑगस्टातल्या त्या दिवशी त्याचा काटा एक रेघ जास्त का दाखवत असेल आणि ठोकूनही त्याला खरं का कळलं नसेल ते. त्याच्या मागेही असंच न दिसणारं कुणीतरी बसलं होतं. तो कोण होता? आणि आता माझ्या मागे बसलाय तो माझा माणूस, की तो?

मी समोर बघतच बोलले.

"म्हाताऱ्या, तू आहेस ना? ऐक. नुरझामाल अडलीये. तुझं नातवंड येतंय. तुझं वजन घेऊन मी या वाळूतून बेसकुदुकलासुद्धा पोचणार नाही. आणि तू बसलेला असलास तर पेट्रोल किती ते मला कळत नाही."

काही झालं नाही. पेट्रोल तसंच तिरकं होतं. मला रडू फुटलं.

"मला तुला इथे सोडायचं नाहीये रे. पण उतर. तुझ्या पाया पडते, उतर."

मागच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. सीट वर आली. टाकीतलं पेट्रोल हळूहळू पुढे आलं, पत्र्यावर पातळ पसरलं आणि सपाट झालं. काटा अर्ध्या रेघेवर येऊन थांबला. जन्मभर त्याने माझं एक ऐकलं नव्हतं.

मी झाकण लावलं आणि बेसकुदुकच्या वाटेला लागले. आरशात पाहिलं नाही. अठरा किलोमीटर ओरडून रडत होते.

साबिरबायच्या दारात इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. त्याने टाकीवर ठोकलं.

"वहिनी, यात वासच उरलाय फक्त. आणि एवढ्यावर तू एकटी निघालीस?"

"भर गपचूप," मी म्हणाले.

तळावर पोचले तेव्हा नुरझामालला शेवटच्या कळा सुरू झाल्या होत्या. नाळेचे दोन वेढे मानेला, मुलगी निळी. वेढे सोडवले, तोंड साफ केलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ती रडली. येरझिगित दाराशी नुसता उभा होता. मी मैदानात बंद पडले असते तर तो तसाच उभा राहिला असता.

पाचव्या दिवशी परत निघाले. टाकी साबिरबायकडे काठोकाठ भरली होती. दगडांच्या राशीपाशी थांबले, इंजिन चालूच ठेवलं आणि सीटवर पुढे सरकून जागा केली.

"मुलगी झाली," मी म्हणाले. "बस."

काटा हलला नाही. टाकी भरलेली असली की तो आधीच वर टेकलेला असतो. मागे कुणी बसलंय की नाही, ते सांगत नाही. मी थोडा वेळ थांबले, आणि मग घरापर्यंत एकेक खड्डा चुकवत सावकाश चालवली.