नमुन्यापुरता मजकूर

संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटीच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका जरा डावीकडे हवा होता—अगदी जरासा, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता, पण विशाखाला तो डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखा सलत होता. तिनं साच्यात एक आकडा बदलला आणि पाण्याच्या टँकरच्या वेबसाइटवरच्या सगळ्या चौकटींतले ठिपके एकदम सरकले. कन्नड, वैजापूर, फुलंब्री... गावागावांच्या नावाखाली. साचा एकदा नीट बांधला की मग कितीही गावं येऊ देत, ऑफिसातले हिमांशू सर म्हणायचे. तिला हे फार आवडायचं. गाव कुठलंही असो, चौकट तीच: वर नाव, खाली 'पाणीपुरवठा सुरळीत', कोपऱ्यात हिरवा ठिपका. पाणी नसेल तिथं लाल.

ऑफिसच्या खिडकीबाहेर पुंडलिकनगरात बोअरची गाडी सकाळपासून घरघरत होती. शेजारी नवी इमारत उठत होती, तिच्या स्लॅबवर पाणी मारणं चाललं होतं. एवढ्या दुष्काळात हे पाणी येतं कुठून, असं तिला पूर्वी वाटायचं. हल्ली वाटेनासं झालं होतं.

दुपारी आईचा फोन आला. लीलाबाई देवगाव रंगारीच्या पलीकडे वस्तीवर एकटीच राहायची.

"टँकर आला नाय बाई. आजबी नाय."

"टँकरच्या ठेकेदाराच्या माणसाला विचारलंस का?"

"इचारलं की. मोबाईल दावतो मला. म्हनतो, तुमच्या वस्तीवर हिरवं हाय, पानी चालू हाय. हिरवं म्हंजी काय गं?"

बघते, म्हणून विशाखानं फोन ठेवला आणि वस्तीची माहिती उघडली. रकाना रिकामा होता. लाल नाही, हिरवं नाही, कुणी काही भरलेलंच नाही... आणि रिकामा रकाना आला की साचा काय करतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रिकामी चौकट भकास दिसते म्हणून 'पाणीपुरवठा सुरळीत' आणि हिरवा ठिपका हा नमुन्यापुरता मजकूर तिनंच घातला होता, मग काढू म्हणून. काढायचा राहिला. आणि हेच शब्द का सुचले? होस्टेलवर असताना आई विचारायची, जेवलीस का, बरी आहेस का—आणि मी उपाशीपोटी म्हणायचे, सगळं सुरळीत आहे गं. जिभेला वळणच पडलेलं.

तिनं सरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"राहू दे ना. उद्या ठेकेदाराला नवी मांडणी दाखवायचीय. आणि तोच साचा आपण रक्तपेढीच्या साइटला लावलाय, माहितीय ना?"

तिला माहीत नव्हतं.

"तुझ्या आईचं सांगतो मी त्याला," ते म्हणाले, आता जरा मायेनं. "तेवढी एक वस्ती लाल करू, टँकर जाईल. झालं?"

ती जागेवर येऊन बसली. तिथंही माझंच 'सुरळीत' असेल... रक्ताच्या गटाखाली, हिरव्या ठिपक्यासह. कुणीतरी ते वाचून रात्री रुग्णाला घेऊन निघालेलं असेल. तिनं फक्त आपल्या संगणकावर साच्यातला तो मजकूर पुसला आणि तिथं 'माहिती नाही' लिहिलं, रंग राखाडी. तीन-चार वस्त्या असतील, असं तिनं धरलं होतं. एकामागून एक गावं राखाडी होत गेली. तिनं पान खाली सरकवलं, आणखी खाली. अख्खे तालुके. म्हणजे हे हिरवं कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिथं पाणी आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही—आणि कुणी विचारलंही नाही, कारण विचारावं असं काही दिसतच नव्हतं.

पलीकडे सर फोनवर हसत बोलत होते. हो, लीलाबाई... एकच वस्ती... उद्या सकाळी, नक्की. आईला पाणी मिळणार होतं. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच भीती वाटली. बदल साइटवर चढवायचा तर एक बटण दाबायचं होतं. हात माऊसवर होता, हलत नव्हता. ती त्या राखाडीकडे बघायचा प्रयत्न करत होती. नजर ठरत नव्हती. आपल्याला ते हिरवं परत हवंय, हे तिला स्वच्छ कळलं—आईसाठी नव्हे, वस्त्यांसाठी नव्हे... नुसतं बघायला.