जळकोटची डाळ

नागव्वानं पळीतला डाळीचा दाणा बोटावर घेतला आणि अंगठ्यानं दाबला. दाण्याचं लोणी झालं. तिनं तो पुसून टाकला, दुसरा घेतला. त्याचंही तेच. चुलीपाशी धाकटी सून नीला खाली मान घालून भाकरी थापत होती.

"काय टाकलंस गं ह्यात?" नागव्वानं विचारलं.

"काय न्हाय, आत्याबाई. हळद न् मीठ."

"सोडा?"

"न्हाय."

नागव्वानं पातेलं नाकाशी नेलं. वास डाळीचाच होता. डाळही तिच्याच जळकोटच्या शेतातली, तिनंच जात्यावर भरडलेली. पण सकाळी तिनं ह्याच घरच्या पाण्यानं लुगडं धुतलं होतं आणि साबण घासून मनगट दुखलं तरी फेस म्हणून आला नव्हता. रांजणाला आतून पांढरी पुटं चढली होती. असल्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे त्या मुलखातली परकरी पोरगीसुद्धा सांगेल. मग ही शिजली कशी?

नागव्वा जळकोटहून निघाली ती ह्या डाळीची पुरचुंडी गाठोड्यात घालूनच. नवरा गेल्यावर एकटीनं राहणं होईना. तोंडातले दात कधीच गेले होते, आता गुडघेही जायच्या बेतात होते. दोन्ही मुलं बोलावत होती. थोरल्या वीरभद्राचं आळंदला कापडाचं दुकान होतं. धाकटा हणमंतप्पा उमरगा तालुक्यात, अगदी शिवेवरच्या ह्या गावात मास्तर होता. दोन्ही गावं आधी हैदराबादच्या राज्यातली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ते राज्य मोडलं, आळंद म्हैसूरकडे गेलं, उमरगा मुंबईकडे आलं, आणि सख्ख्या भावांमध्ये सरहद्द पडली. तेव्हापासून दोघं भेटले की आपापल्या सरकारची अशी तरफदारी करत की सरकार सासऱ्याचंच असावं.

वीरभद्र म्हणे, "अव्वा, आमच्याकडं दवाखाना हाकेवर हाय. रेडिओ हाय. हणम्याकडं काय हाय?"

हणमंतप्पा म्हणे, "मुंबईचं राज्य लई मोठं, अव्वा. सडक होणार हाय, दवाखाना होणार हाय, शाळेला नव्या खोल्या होणार हाईत."

नागव्वाला एकाच्या 'आहे'चा जितका संशय येई तितकाच दुसऱ्याच्या 'होणार'चा. आई ज्याच्याकडे राहील त्याचं राज्य चांगलं ठरणार, हे तिला कळत होतं. आपण खरं तर दोघांनाही नको आहोत, नुसत्या पैज जिंकायला हव्या आहोत, ही भीती तिला आतून कुरतडत होती. ती कुणाला बोलून दाखवण्यासारखी नव्हती. म्हणून तिनं जुन्या बायकांची रीत धरली. पोरगी द्यायची असो की बिऱ्हाड हलवायचं असो, त्या आधी घरची डाळ तिथल्या पाण्यात शिजवून बघत.

आधी ती आळंदला गेली. तिथं डाळ छान शिजली होती. थोरली सून चंद्रप्रभा वागायला नीट होती, ताट वेळेवर यायचं. पण नागव्वा पहिला घास तोंडात घालते न घालते तोच वीरभद्रानं मांडीवर थाप मारली होती. "आता हणम्याला कळवतोच!" त्यानंतर तो बराच वेळ भावाबद्दलच बोलत राहिला. नागव्वा कडक भाकरी पाण्यात भिजवून खात होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं गाठोडं रिकामं केलंच नाही, खुंटीला टांगून ठेवलं. इथं आल्यावरही ते खुंटीलाच होतं.

दुपारी हणमंतप्पा शाळेतून आला तो थेट चुलीपाशी.

"शिजली का?"

नागव्वानं पातेलं पुढं सरकवलं. त्यानं दाणा दाबून बघितला आणि त्याचा चेहरा फुलला.

"बघ, नीला! म्या सांगत व्हतो का न्हाय? आपल्या बाजारातली डाळच खराब हाय, पाण्यात खोट न्हाय. अव्वा, आता दादाला निरोप धाडू?"

"अजून बघते," नागव्वा म्हणाली.

"अजून काय बघायचं?"

नवरा इतका हरखलेला असताना नीला मात्र गप्प होती. नागव्वाला ते गप्प बसणं खटकलं. दोघं मिळून आपल्याला बनवताहेत की सून एकटीच नवऱ्यालाही बनवते आहे, एवढंच ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नीला लहान घागर घेऊन मागच्या दारानं निघाली. गावची विहीर समोरच्या अंगाला, चावडीपाशी. मागं नुसतं रान आणि त्यापलीकडं सरहद्दीचा ओढा. नागव्वा दारात उभी राहून बघत होती. सून एकदा मागं वळली, सासूला पाहून दचकली आणि पाय उचलून चालू लागली.

नागव्वा आत आली. खुंटीवरच्या गाठोड्यात हात घालून तिनं आपल्या डाळीची मूठ काढली, रांजणातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि डाळ चुलीवर चढवली. जाळ घालत ती समोर बसून राहिली. डाळ उकळली, फसफसली, पाणी आटलं, तिनं पुन्हा घातलं. दाणे जसेच्या तसे नाचत होते. तिनं एक बोटांत धरून दाबला. तो निसटला आणि चुलीच्या राखेत जाऊन पडला.

नीला दारात येऊन उभी होती. डोक्यावर घागर, पदर भिजलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले.

"कुठनं आणलंस?" नागव्वानं विचारलं.

नीलानं घागर उतरवली. "वड्याच्या पल्याडनं. तितं एक हीर हाय, ग्वाड पाण्याची."

"पल्याड म्हंजी म्हैसुरात?"

"व्हय. ह्यांना सांगू नगा, आत्याबाई. त्यांच्या मनाला लागंल."

"म्या हितं ऱ्हावं म्हणून केलंस?"

"न्हाय." नीला गोंधळली. "तुमाला दात न्हाईत. आल्या दिशी तुमी भाकर भिजवून खात व्हता, म्या बघितलं. आमी कडक डाळ चावतो, तुमी कशी चावणार?"

नागव्वाचा संशय अजून हटत नव्हता. आयुष्यभर जपलेला संशय असा एका घागरीत बुडत नाही.

"आन म्या कायमची ऱ्हायले तर? मग?"

"मग काय? तवाबी आणायचंच की. दात काय परत येणार हाईत?"

नागव्वानं पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं आणि डोळेही भरले होते, आणि सुनेला दोन्ही दिसू द्यायचं नव्हतं.

दुपारी हणमंतप्पा आला. नागव्वानं सकाळचं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं.

"दाब."

त्यानं दाणा दाबला. मग दुसरा. चेहरा उतरला.

"ही बाजारची डाळ असंल."

"माझी हाय. न्हाय शिजली तुज्या पाण्यात."

त्यानं पातेलं बाजूला सारलं.

"ते गाठोडं काढ खुंटीवरचं," नागव्वा म्हणाली.

हणमंतप्पा मुकाट्यानं उठला. गाठोडं काढून त्यानं हातानं झटकलं आणि छातीशी धरलं.

"कवा निघायचं, अव्वा? गाडी बघतो."

"गाडी कशाला? डाळ डब्यात ओत. लुगडी ट्रंकंत ठेव."

भाकरी थापणारा नीलाचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

हणमंतप्पाला काहीच उमगेना. "आन दादाला काय सांगू?"

"सांग, पाणी त्याच्याच राज्याचं ग्वाड हाय."