दोनदा वाफवलेला भात

लंडनला येऊन सपियाहला दोन महिने झाले होते, आणि त्यातला निम्मा वेळ तिनं कागदी रुमालात थुंकण्यात घालवला होता.

पहिल्या हॉटेलात भातावर शेंगदाण्याचं गोडमिट्ट पिठलं ओतून आणलं. दुसऱ्यात मिरचीची चटणी म्हणून जे वाढलं, ते पावाला लावायच्या मुरंब्यासारखं. तिसऱ्याच्या पाटीवर मलेशियाचा झेंडा होता, आणि आत कुप्याच्या कालवणात कुप्याच्या जागी कसलातरी गुलाबी मासा, वर कोबीच्या चुलतभावाचे हिरवे तुरे. सपियाहनं तो तुरा दोन बोटांत धरून उचलला, मेलेली पाल उचलावी तसा.

"हे काय आहे गं? झाडू?"

"मक, हळू बोल," लेक नोरिमा म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. खाताना लाज वाटत नाही त्यांना, मला बोलताना कसली?"

तिला स्वतःला काही खायचं नव्हतंच. शोध चालला होता नवऱ्यासाठी. मलेशियातल्या मारांगच्या किनाऱ्यावर तीन होड्यांचा मालक असलेला एम्बोंग लेकीला भेटायला म्हणून आला, आणि दहाव्या दिवशी छाती धरून खाली बसला. डॉक्टरांनी छाती उघडून शिवली. जीव वाचला, पण भूक गेली. आता तो सुकवलेल्या बोंबलाएवढा उरला होता. डॉक्टरीण म्हणाली होती की अंगात ताकद आल्याशिवाय विमानात बसवणार नाही, आणि असंच चाललं तर नाकातून नळी घालून खाऊ घालावं लागेल. एम्बोंग भिंतीकडे तोंड करून एकच म्हणे, "नासी दागांग आण. नाहीतर राहू दे."

नासी दागांग म्हणजे त्यांच्याकडचा ईदच्या सकाळचा भात. एकदा वाफवायचा, गरम असतानाच नारळाचं दूध, मेथीदाणे, छोटे कांदे कालवायचे, पुन्हा वाफवायचा. सोबत कुप्याचं कालवण. लेकीच्या शेगडीवर सपियाहनं तो दोनदा केला. दोन्ही वेळा खळ झाली. एम्बोंगनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"भिंतीला पोस्टर चिकटवायचंय का?"

सपियाहनं डब्यातल्या नारळाच्या दुधाला शिव्या घातल्या, नळाच्या पाण्याला घातल्या, तांदळाच्या बापालाही सोडलं नाही. खरं काय ते तिला ठाऊक होतं. मारांगला त्या घरचा भात आधी सासू करायची, मग सून. सपियाहचं काम पायरीवर बसून चव सांगायचं. जीभ तिची, हात दुसऱ्याचा. गावात नाव मात्र तिचं झालं होतं.

मग एका रविवारी नोरिमानं तपकिरी कागदाची पुडी आणली. कागद उघडला आणि खोलीत ईद आली. एम्बोंग उठून बसला, कोणाची मदत न घेता. बोटं चाटून पुसून खाल्लं. कागदाला चिकटलेलं शीत सपियाहनं जिभेवर ठेवलं. कण न् कण मोकळा, दाताखाली मेथीची कडसर चव.

"कोणाच्या हातचं?"

"आहे एक बाई. रविवारी करते, फोनवर सांगून ठेवावं लागतं," नोरिमा म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

पुढच्या रविवारी पुडी आली. त्याच्या पुढच्या रविवारी आली नाही. एम्बोंग दुपारपर्यंत दाराकडे बघत राहिला, मग पुन्हा भिंतीकडे वळला. नोरिमा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "पुडी कोणासाठी जाते ते तिला कळलं. म्हणाली, म्हातारीला भात हवा असेल तर म्हातारीनं स्वतः यावं. मक, ती मेलोर आहे."

सपियाहच्या तोंडाला पाणी सुटलं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

मेलोर म्हणजे तिच्या पोराची, फाधलीची, तेव्हाची बायको. आठ वर्षांपूर्वीची सून. लग्नानंतर पोरगा बायकोचं ऐकायला लागला होता; आईनं एक म्हणावं, त्यानं "मेलोरला विचारतो" म्हणावं. असं कोणी आपोआप होतं का? मारांगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक, की ज्या बाईला नवरा मुठीत हवा ती गरम भातावर पाय फाकवून बसते. वाफेनं तिच्या अंगाचा घाम भातात गळतो, आणि तो भात खाल्ला की नवरा वेसण घातलेल्या बैलासारखा मागे फिरतो. ईदच्या आदल्या दिवशी सपियाह मागच्या दारानं आत शिरली, तर मेलोर सारोंग वर खोचून, भाताच्या परातीच्या दोन्ही बाजूंना दोन पाय देऊन उभी! सपियाहनं अशी बोंब मारली की गल्ली गोळा झाली. भात बदकांना घातला. मेलोर संध्याकाळी माहेरी गेली, दोन महिन्यांत तलाक झाला, आणि फाधली समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला गेला तो घरी यायचाच थांबला. बदकांनी तो भात खाल्ला होता. एकही बदक मेलोरच्या मागे गेलं नव्हतं. सपियाहनं ते बघितलं होतं, पण बोलली नव्हती.

"त्या बाईच्या हातचं मी माझ्या नवऱ्याच्या पोटात घातलं?" ती म्हणाली. "दोनदा?"

"आणि तो उठून बसला," नोरिमा म्हणाली. "दोनदा."

पुढच्या रविवारी सकाळी सपियाह गेली. भाड्याच्या एका सभागृहामागचं स्वयंपाकघर. ऐंशी माणसांचा भात वाफेवर. मेलोर अंगानं भरली होती. एका बसचालकाशी दुसरं लग्न करून इकडे आली होती म्हणे.

"आलात, मकचिक?" तिनं विचारलं. आईला म्हणतात ते मक नाही, मकचिक. परक्या म्हातारीला म्हणतात तसं.

"भात न्यायला आलेय."

"कुठला? बदकांना घालतात तो?"

सपियाहनं पदरचं उत्तर काढायच्या आत मेलोरनं वाफाळता भात जमिनीवरच्या रुंद परातीत उलटला. नारळाचं दूध ओतलं. झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

"शी!" सपियाहच्या तोंडून निघालंच.

मेलोर थांबली. बाजूला झाली आणि लाकडी पळा तिच्या हातात दिला. "तुम्ही सोवळ्यानं करून दाखवा. लवकर. गार झाला की दूध पिणार नाही तो, आणि घरी म्हातारा वाट बघतोय."

सपियाह बाजूला उकिडवी बसली. पळा घातला, ओढला, तशी परातच गुळगुळीत फरशीवर सरकत गेली. पुन्हा पळा ओढला, पुन्हा परात सरकली. दूध एका कडेला साचलं, दुसरीकडचा भात कोरडा.

"तिकडे खळ होणार, इकडे खडे," मेलोर म्हणाली. "घरी केलात तो असाच झाला असेल."

वाफ विरळ व्हायला लागली. सपियाहच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेली पाठ आली, आणि ती नळी. ती उठली. सारोंग वर खोचला. उजवा पाय परातीच्या एका बाजूला टेकवला, डावा दुसऱ्या. दोन पावलांत परात घट्ट धरली गेली, हलली नाही. दोन्ही हातांनी पळा फिरवला तसं दूध भातात उतरू लागलं. वाफ मांड्यांपर्यंत चढली. तिला स्वतःची किळस आली, पण हात थांबले नाहीत.

"ओरडू का मी आता?" मेलोरनं विचारलं. "गल्ली नाही इथं, पण खिडकी आहे."

सपियाहनं पळा आणखी जोरात फिरवला. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला. मेलोरनं झटकन आपल्या गळ्यातला टॉवेल काढून तिच्या मानेभोवती टाकला आणि टोकानं तिचं नाक पुसलं, शेंबड्या पोराचं पुसावं तसं, करकचून.

"घाम नको भातात. माझी माणसं खातात हा. त्या दिवशीही माझ्या गळ्यात टॉवेल होता, मकचिक. तुम्ही वर बघितलंच नाही."

सपियाहनं भात शेवटपर्यंत कालवला. पुडी घेतली. दारात थांबून म्हणाली, "मेथी थोडी जास्त पडते तुझ्या हातून." मग, मागे वळून न बघता, "तेव्हाही पडायची. मी गावात ती चव माझ्या हातची म्हणून सांगायचे."

"ठाऊक आहे," मेलोर म्हणाली. "पुढच्या रविवारी आठला या. परात धुवायलाही माणूस लागतं."

घरी एम्बोंगनं सगळं संपवलं. पाणी प्यायला, ढेकर दिली आणि आठवडाभर ज्या गोळ्यांवरून भांडत होता त्यांच्याकडे हात केला.

"दे. तू म्हणतेस तर घेतो."

सपियाहनं त्याच्याकडे निरखून बघितलं. मग मोरीत जाऊन तिनं साबण लावून पाय धुतले, दोन्ही, घोट्यापर्यंत. धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले.

"काय झालं गं?" तो आतून ओरडला. "आणखी आहे का भात?"

"गप गिळ त्या गोळ्या," ती म्हणाली. "रविवारी आणते."