मनी आंडेर

शिंदखेड्याच्या तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली माझं टेबल असतं. पेशानं मी अर्जनवीस, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत उतरवून देणारा. लोक तोंडावर मला सुकदेवनाना म्हणतात आणि पाठीमागे खेकसणारा नाना म्हणतात. त्यात खोटं काही नाही. कागदावर कोरा राहिलेला रकाना दिसला की माझं डोकं फिरतं.

एक्याण्णव सालच्या जून महिन्यात निंबा नावाचा एक शेतकरी सहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून माझ्यापुढे उभा राहिला. मुलीचं नाव लता. शाळेत नाव घालायला नेली, तर हेडमास्तरांनी परत पाठवली. जन्माच्या चिठ्ठीत वडिलांचं नावच नव्हतं. चिठ्ठी होती बोटभर लांबीची, लस टोचायला आलेल्या नर्सबाईनं कधीतरी लिहून दिलेली.

"बाप कुठे आहे हिचा?" मी खेकसलो.

"मीच शे ना, नाना. मनी आंडेर शे ती."

आमच्याकडे मुलीला आंडेर म्हणतात, आणि 'माझी'ला 'मनी'. गडी अगदी छाती ठोकून बोलला.

"मग कागदावर का नाहीस?"

"मी सांगेल व्हतं. पंचायतमा जाईसन ग्रामसेवकले असंच सांगं. त्यानी काय लिखं, माले काय माहीत? माले वाचता येस का?"

"लग्न कधी झालं तुमचं?"

निंबा चपलेनं माती उकरायला लागला. "ते... राही गयं."

लग्न राहून गेलं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. हळूहळू हकिकत बाहेर आली. त्याला कमल आवडायची, तिला तो. निंबाचे वडील अभिमनआबा अडून बसले, ही सून माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणून. तेव्हा या दोघांनी शेतात झोपडी बांधली आणि संसार मांडला. लता झाली. पुढे म्हातारा इतका विरघळला, की नातीला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायला लागला. लग्न लावा, लग्न लावा म्हणून आता तोच मागे लागला होता. पण आता कमल अडली होती.

"का?"

"ती म्हनस, वहीमा सोतानं नाव सांगाले घाबरना, असा मानूसनं मंगळसूत्र मी घालाव नही."

नर्सबाईनं बापाचा रकाना कोरा आहे म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून कमलच्या मनात हे रुतून बसलं होतं. एका चुलीवर जेवत होते, एका शेतात राबत होते, पण सहा वर्षं तिनं त्याला माफ केलं नव्हतं.

मी त्याला कायदा सांगितला. आईबापाचं लग्न झालेलं नसेल तर मुलाची पहिली पालक आई. बापाचं नाव चढवायचं तर दोघांनी मिळून शपथेवर सांगायला हवं, की हे मूल आमचं. "तिची सही नसेल तर तू कितीही छाती ठोक, कागद हलायचा नाही. तिला घेऊन ये. आणि ही चिठ्ठी फेक. पंचायतीच्या वहीतल्या पूर्ण ओळीची नक्कल आण."

चार दिवसांनी तिघं एसटीनं आली. कमल पुढे, निंबा दहा पावलं मागे, आणि लता दोघांच्या मध्ये उड्या मारत. कमलनं टेबलाशी येताच सांगून टाकलं.

"सही कराले नही वनू मी, नाना. सही करनार नही, हाई सांगाले वनू."

"बरं केलंस," मी म्हणालो. "बस. आधी नक्कल तरी वाचू दे."

चष्मा पुसून मी वाचायला लागलो. "मुलीचं नाव, मनी. आडनाव, आंडेर."

"हाई कोन शे?" कमल म्हणाली. "आमनी पोर लता शे."

माझा पारा चढला. दुसऱ्याच कोणाची ओळ उतरवून दिली म्हणून मी त्या पंचायतीचा उद्धार करायला लागलो. पण तारीख बरोबर होती. आईचं नाव कमल. वडिलांच्या नावापुढे रेघ. खबर देणारा निंबा अभिमन, आणि खाली अंगठा. मग ग्रामसेवकाची सही पाहिली आणि आठवलं. हा गडी कोकणातला, तेव्हा नुकताच आमच्याकडे बदलून आलेला. आमची बोली त्याला अजिबात कळायची नाही. वर्षभरात परत गेला बिचारा.

मी पुन्हा वाचलं. मनी आंडेर. आणि असा हसत सुटलो की चष्मा टाइपरायटरवर पडला.

"निंबा, त्यानं तुला काय काय विचारलं होतं?"

"पोरगीनं नाव काय, इचारं. बारसं व्हयेलच नव्हतं, मंग काय सांगू? मी म्हनं, मनी आंडेर शे. मंग तो म्हने बाप कोन. मी परत तेच सांगं, मनी आंडेर शे. त्यानी मान हलाई, नि अंगठा लिधा."

कमलनं माझ्या हातातला कागद ओढला. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं वाचलं, "म-नी... आं-डे-र." मग निंबाकडे पाहिलं. डोळे भरले होते आणि ओठांवर हसू मावत नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली?

"सहा वरीस," ती म्हणाली आणि हातातली पिशवी निंबाच्या पाठीत हाणली. "सहा वरीस मी तुनावर राग धरा!"

निंबा मार खातही हसत होता. लताला काही कळलं नाही, तिनंही बापाला एक चापट मारून घेतली.

मी लगेच कागद चढवला. आयुष्यात हजारो अर्ज लिहिले, पण इतक्या मजेत एकही नाही. 'सदर नोंदीतील मनी आंडेर हे मुलीचे नाव नसून वडिलांचा जबाब आहे.' नायब तहसीलदारांनी ते वाक्य दोनदा वाचलं, अर्थ विचारला, आणि हसतच दोघांना शपथ दिली. कमलनं सही केली, निंबानं अंगठा लावला.

"आते लगीननी पत्रिका बी तुम्हीच लिखा, नाना," कमल म्हणाली. मग जराशी थबकली. "वहीमा आते काय करतीन? जुनं खोडतीन का?"

"नाही. मूळ नोंद खोडायची नसते. बाजूच्या समासात दुरुस्ती लिहायची. तिथे येईल नाव लता, वडील निंबा. मनी आंडेर जिथल्या तिथे राहील."

"मंग बरं," ती म्हणाली. तिनं ती नक्कल चौघडी घालून कमरेच्या पिशवीत खोल ठेवली. "बाप तं तठेच लिखेल शे."