बावीस वर्षे पोळीवर, आता टाचेखाली

मित्रांनो, सतरंजीच्या कडेला बसलेले तुम्हीही सरका पुढे. मांडी घालूनच बसा असे नाही, पाय लांब केलेत तरी चालेल. आजची कथा पायाचीच आहे.

मी एक जुने लाटणे आहे. साखरखेर्ड्याच्या फकीर मोहम्मद मिस्त्रींनी मला बाभळीच्या लाकडातून कातले, आणि तिथून मी थेट कोकिळाबाईंच्या स्वयंपाकघरात. बावीस वर्षे पोळ्या लाटल्या. "माह्या लाटण्याची पोळी टम्म फुगते," असे त्या शेजारणींना सांगत, तेव्हा मलाही पोळीसारखेच फुगल्यासारखे वाटे.

मग यजमानांची टाच दुखू लागली. भगवानराव म्हणजे कीर्तनवेडे. गावच्या सप्ताहात दुपारी दोन ते चार हा वीणेचा पहारा तीस वर्षांपासून त्यांचा. वीणा एकदा गळ्यात पडली की बसायचे नाही, आणि दुसऱ्याच्या गळ्यात जाईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. पण आता त्यांना घरापासून देवळापर्यंतही जाववेना. वाटेत चार ओट्यांवर टेकत, प्रत्येक ओट्यावर एकेक चहा घेत. दर्शनाला पाऊण तास लागे.

सप्ताहाला दोन महिने उरले तेव्हा त्यांच्यानंतर वीणा घेणारे माणिकराव म्हणाले, "भगवानराव, औंदा तुमचाही पहारा मीच करतो. तुमी खुर्चीवर बसून आयका."

ती खुर्ची त्यांना टाचेपेक्षा जास्त बोचली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेहकरला डॉक्टर महनूर यांच्याकडे गेले. या बाई गोळ्यांपेक्षा व्यायाम जास्त देतात.

"आबाजी, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळू वर, हळू खाली. आणि बसल्या बसल्या तळपायाखाली लाटणं फिरवायचं. सगळं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. घरातही मऊ चप्पल घाला."

घरी गहजब झाला.

"पोळीच्या लाटण्याले पाय लावता? अन्नाचं हाये ते!"

"मंग डॉक्टरीणबाईले जाऊन सांग तू."

शेवटी कोकिळाबाईंनी नवे लाटणे आणले. मला धुतले, हळद-कुंकू वाहिले, आणि पुन्हा चुकून पोळपाटावर येऊ नये म्हणून लाल दोरा बांधला. निवृत्तीचा एवढा थाट कुठल्या मास्तरांच्याही वाट्याला आला नसेल! भगवानराव तर आधी मला वाकून नमस्कार करत, मग माझ्यावर पाय देत.

पण भक्ताला दहा हा आकडा पुरतो का? "दहानं काय होते वं?" म्हणत त्यांनी जपमाळ काढली आणि प्रत्येक व्यायाम एकशे आठ वेळा केला. मला गरगरू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाऊल जमिनीला टेकेना.

महनूर आधी हसल्या, मग रागावल्या. "आबाजी, हा जप नाही. जास्त केलं म्हणून जास्त पुण्य नाही मिळत, जास्त सूज मिळते."

"माळ हातात आली का थांबवत नाही, बाई."

"मग माळ राहू द्या देवघरात. बोटं आहेत ना दहा?"

आठ दिवस विश्रांती, मग बोटांवर मोजून दहा. काही दिवसांनी एक ओटा सुटला. मग दुसरा. तिसऱ्या ओट्याच्या रुखमाबाईंनी हटकले, "काऊन भाऊजी, आमच्या चहात साखर कमी पडली का?" सप्ताहाच्या आदल्या दिवशी भगवानराव कुठेही न टेकता देवळात पोचले, आणि चहाच न मिळाल्याने डोके धरून बसले.

पहाऱ्याला मला पिशवीत घालून नेले. दोन तास ते सरळ उभे. चार वाजले, तरी माणिकराव पंगतीत वांग्याची भाजी तिसऱ्यांदा घेत होते. सव्वाचारला टाच कुरकुरली. वीणा तर टेकवता येईना. मग भगवानरावांनी भजनाच्या तालावर टाचा उचलल्या, हळू वर, हळू खाली. "काय रंगले हो!" म्हणत बायांनी हात जोडले. टाळकरीही तसेच करू लागले. साडेचारला माणिकराव ढेकर देत आले, तर अख्खा मंडप वर-खाली. त्यांनीही मुकाट्याने दोन-चारदा टाचा उचलल्या, मगच वीणा घेतली.

संध्याकाळी घरी कौतुक करणाऱ्यांची रीघ लागली. सगळे गेल्यावर, दिवसभर पंगतीत वाढून आलेल्या कोकिळाबाईंनी मला पिशवीतून काढले आणि स्वतःचा पाय माझ्यावर ठेवला.

"हे काय वं?"

"माही टाच दोन सालापासून दुखून राह्यली."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"इचारलं कोनं?"

भगवानराव खाली बसले आणि कोकिळाबाईंचा पाय हातात धरून माझ्यावर फिरवू लागले.

"अहो, सोडा! पाप लागंल मले!"

"लागू दे. अर्धं-अर्धं वाटून घेऊ."

मित्रांनो, एवढीच विनंती. तुमच्याही घरात सगळ्यांना गरम वाढून शेवटी जेवायला बसणारी कोणीतरी असेल. आज घरी गेलात की तिची आठवण ठेवा, आणि तिने सांगायची वाट न पाहता विचारा.