उडता बगळा आणि स्पष्ट बाभूळ

बुद्धभूषण पगारे सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यामुळे भिंगाने त्यांच्यापासून काही लपवावं, अशी भिंगाची टाप नव्हती. दोन हजार सहाच्या दिवाळीत त्यांनी डिजिटल कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेतली, आणि त्यांची बायको अंजली हिचे रविवार संपले.

पहाटे उठून तिने पोहे आणि चहा भरायचा, गंगापूर रोडवरून गाडी निघायची, ती थेट नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याकाठी. तिथे बसलेले पक्षी झकास यायचे. पण बसलेला पक्षी काय, कोणीही काढतो, असं सरांचं मत. त्यांना उडताच हवा. म्हणून त्यांनी राखी बगळा धरला. हा पक्षी इतका सावकाश उडतो, की पंख हलवण्याआधी वरिष्ठांची परवानगी घेत असावा. तरीही घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडला की बगळ्याच्या जागी नुसता राखाडी फराटा, आणि मागच्या बाभळीचा काटा न् काटा स्पष्ट.

"हवेत दमटपणा होता," सर म्हणाले. पुढे लेन्सचा दोष निघाला, मग उन्हाचा, शेवटी बगळ्याचाच.

"सरळ रेषेत उडत नाही तो."

"सांगून बघा त्याला," अंजली म्हणाली.

फेब्रुवारीत पक्षिप्रेमी मंडळाचं प्रदर्शन भरलं. सरांनी 'उड्डाण' नावाचा फोटो मोठा करून दिला होता. पक्ष्यांच्या दालनात तो कुठेच दिसेना. अंजलीला तो सापडला शेजारच्या दालनात, 'वृक्षसंपदा' या विभागात, दुसऱ्या बक्षिसाच्या फितीसह. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'बाभळीचं अप्रतिम दर्शन. डाव्या कोपऱ्यातला डाग टाळता आला असता.'

सरांनी बक्षीस घेतलं. वर माईक हातात आलाच आहे म्हणून झाडांच्या संयमावर चार शब्दही बोलले. पण त्यांचे कान लाल झालेले अंजलीला पहिल्या रांगेतून दिसत होते. तिला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

दाराशीच मंडळातल्या मंजुषाताईंनी काढलेली घार लावली होती. झेप घेतानाची, डोळ्यातली चमकसुद्धा दिसणारी. ताई दातांच्या डॉक्टर. सर या जन्मात त्यांना विचारणार नाहीत, हे ओळखून अंजलीनेच विषय काढला.

"फोकस कशावर ठेवता, सर?" ताईंनी विचारलं.

"ऑटोवर. ऑटोफोकस म्हटल्यावर अजून काय करायचं?"

"त्यात दोन प्रकार असतात. तुमचा बसलेल्या पक्ष्यासाठीचा असणार. एकदा धरला की तिथेच थांबतो, बगळा मात्र पुढे निघून जातो. त्याऐवजी पक्ष्याबरोबर सतत बदलणारा फोकस लावा. आणि फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवू नका, मधला एकच ठेवा. नाहीतर कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवतो आणि त्याला बाभूळ आवडते. पक्षी लांब असतानाच त्याच्यावर धरा, बटण अर्धं दाबून त्याच्याबरोबर फिरत राहा."

"माहितीये," सर म्हणाले. "फक्त करून पाहिलं नव्हतं."

पुढच्या रविवारी सरांनी गाडीतून उतरण्याआधीच फोकसचा प्रकार बदलून घेतला. पाण्याकाठी पलीकडून बगळा उठला. सर लेन्ससकट कमरेतून वळत गेले, तोल जाऊन अंजलीच्या पायावर पाय पडला, पण कॅमेरा पक्ष्यावरून हलला नाही. खटखट आवाज आला. मग सरांनी मागचा पडदा बघितला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पिवळा डोळा, डोक्यामागचा काळा तुरा, छातीशी घेतलेली मान. बाभूळ हिरव्या धुक्यात विरघळून गेलेली.

"अंजली," ते हळूच म्हणाले, "आला गं."

तिने पाहिलं आणि तिला खरोखर आनंद झाला. पाय दुखत असूनही.

तेवढ्यात दिंडोरीहून आलेले एक गृहस्थ जवळ आले. त्यांच्या गळ्यात नवाकोरा कॅमेरा होता. उडता पक्षी स्पष्ट येतच नाही, अशी त्यांची तक्रार होती.

सरांनी खडूचा तुकडा धरावा तशी दोन बोटं जुळवली. "फोकसचे मुळात दोन प्रकार असतात," त्यांनी सुरुवात केली. "लोकांना हे माहीतच नसतं."

"तुम्हाला कोणी शिकवलं, सर?" गृहस्थांनी आदराने विचारलं.

"अनुभव," सर म्हणाले.

अंजलीने चहाचा थर्मास उचलला आणि ती गाडीत जाऊन बसली. तास संपायला वेळ होता.