वाऱ्याआडचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. बर्फाखाली दबलेल्या माणसाचा ठाव घेणारी. पोकळ नळ्यांचे माझे तुकडे एका तारेवर ओवलेले आहेत. तार खेचली की मी दोन पुरुष उंच होते, सोडली की पिशवीत मावते. आज मी कळंबजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात, चौकीदाराच्या खोलीबाहेर राहते. इथे बर्फ कधी पडला नाही.

माझे धनी देवसिंग फौजेत होते. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून ते हिमालयात गस्त घालत. मी त्यांच्या पाठीवर, पिशवीच्या अंधारात. त्या पट्ट्यांचा मला किती हेवा वाटे! चढताना त्यांच्या तळव्यांना केसाळ कापडाचे अस्तर, संध्याकाळी अंगाला मेण. छायाचित्रांत त्या दिसत. मी कधीच नाही.

देवसिंग वाऱ्याला ओळखत. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ खरवडतो आणि पलीकडच्या, आडोशाच्या उतारावर नेऊन थापतो. तो थर वरून घट्ट, खाली कच्चा. पाय पडला की पोकळ वाजतो, तडा जातो, अख्खी लादी निसटते. "एवढासा तर बर्फ घसरेल," असे कोणी म्हटले की देवसिंग खालची घळ दाखवत. मोकळ्या उतारावर गुडघ्याशी थांबणारा बर्फ घळीत डोक्यावरून जातो. म्हणून ते नेहमी धारेवरून, एकेकाने, अंतर राखून जात. धन्याच्या या शहाणपणामुळे मी सरावाखेरीज कधी उघडलेच गेले नाही.

देवसिंग निवृत्त झाले तेव्हा पट्ट्या फौजेत जमा झाल्या. मी निकामी ठरले आणि चौकीदार झालेल्या धन्यासोबत इथे आले. त्यांच्या पत्नी रुखमाबाईंनी मला दोन खांबांना सुतळीने करकचून बांधले आणि माझ्यावर लुगडी वाळत घातली. समोर कापसाची गंजी होती. ती कापसाच्या मंदीची वर्षे. गिऱ्हाईक नसल्याने माल महिनोन्महिने उघड्यावर पडून राही. तरी येणारा-जाणारा त्यालाच हात लावून पाही. त्या पांढऱ्याचाही मला हेवा वाटे.

फाल्गुनात वारा सुटला. माथ्यावरचा सुटा कापूस उडून गंजीच्या पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या चरीवर साचला. दंवाने त्याची कड थापल्यासारखी घट्ट झाली. वरचा कापूस ओला, म्हणून मजूर बाया गंजीच्या पोटातला कोरडा ओढून टोपल्या भरत. ती तिथली रीतच होती.

"बेबीताई, खालून ओढू नका. वर छत लोंबून राह्यलं," देवसिंग म्हणाले.

मुकादम बेबीताई हसल्या. "फौजी, कापूस हाय हा, तुमचा पहाड नाही! कायले भेता?"

"भेलो म्हणूनच तं जिता घरी आलो."

बाया खिदळल्या. बेबीताईंची भावजय नलू चरीत उतरून टोपली भरत होती. तेवढ्यात लादी निसटली. फारसा आवाजही झाला नाही. हसू विरले तेव्हा चर दिसत नव्हती, नलू दिसत नव्हती.

"नले! नले वं!" बेबीताई दिसेल तिथे उपसू लागल्या. देवसिंग माझ्याकडे धावले. पण गाठी सुटेनात. रुखमाबाईंनी लुगडी मातीत फेकली आणि विळ्याने सुतळी कापली. त्या गाठींत नलूचा एकेक श्वास सरत होता.

सैल पडलेली तार पुन्हा खेचली गेली. मी ताठ झाले. लादी जिकडे वाहिली होती, त्या अंगाला देवसिंग मला थोड्या-थोड्या अंतराने हळुवार खुपसत गेले. कापूस. कापूस. माती. मग काहीतरी नरम, दबून परत उसळणारे.

"इथं! समद्या इथं उपसा!"

मला तिथेच रोवून ठेवले. नलूचा चेहरा निळसर पडला होता. तोंडातला कापूस काढला तशी ती खोकली, श्वास घेतला आणि पुटपुटली, "माही टोपली कोठी हाय?"

"आग लागो तुया टोपलीले!" बेबीताईंनी तिला उराशी आवळले, आणि मग हुंदका फुटला.

मी बाजूला उभी होते, कापसात, विसरलेली. पट्ट्यांचा हेवा त्या दिवशी संपला. हातांचा सुरू झाला. मला शोधता येते, मित्रांनो. कवटाळता येत नाही.

आता गंजी वरून उतरवतात, आणि चरीच्या अंगाला कोणी जात नाही. मी पुसलेली, मोकळी, खिळ्यावर असते. माझ्या जागी आलेल्या बांबूला रोज ओल्या लुगड्यांचा गारवा मिळतो, रुखमाबाईंचा हात मिळतो. त्याच्याकडे पाहून मी अजून जळते. तरी तुम्हाला एकच विनवणी: वाऱ्याने थापलेल्या उताराखाली उभे राहू नका, तो कितीही लहान असो. आणि मला कितीही एकटे वाटले, तरी मला पुन्हा कशालाही बांधू नका.